चार दाहे चाळीस

साहेबानं माझी वही हातानं उघडली नाही. फूटपट्टीनं उघडली.

मी दाराबाहेर उभी. चपला त्याहून बाहेर, पायरीखाली काढायला लावलेल्या. शिपायानं माझ्याकडून वही दोन बोटांत धरून नेली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. साहेबानं फूटपट्टीचं टोक पुठ्ठ्याखाली घातलं, पुठ्ठा उलटवला. मग एकेक पान तसंच. मेलेली पाल काठीनं उलटवतात तसं. त्या दिवशी मी सकाळी दोनदा आंघोळ केली होती. आईनं कपड्याच्या साबणानं माझे केस धुतले होते. अंगात शाळेचा गणवेश होता. सातवीत होते मी.

"कुणाची तू?" साहेबानं विचारलं.

"चेंबर साफ करतात ना, त्यांची."

"ते वासावरनंच कळलं. काम काय?"

मला राग आला नाही. खरं सांगते, तेव्हा रागबिग काही येत नव्हता. लाज वाटली. मी मान वळवून गुपचूप स्वतःच्या दंडाचा वास घेतला. साबणाचा येत होता. आज ते आठवलं की साहेबापेक्षा मला माझ्या त्या हुंगण्याचाच जास्त संताप येतो.

काम एवढंच होतं, की बारा दिवसांनी येणाऱ्या मंगळवारी माझा बाप त्या चेंबरमध्ये मरणार होता. कसा आणि का, ते मी वहीत लिहून नेलं होतं.

पहिल्यापासून सांगते.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. आम्ही अंबरनाथला नाल्याकडच्या वस्तीत राहायचो. आई-वडील देशावरून आलेले, बौद्ध. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आई उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठाणीकडं पापड लाटायला जायची. अण्णा एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला. कारखान्याचं नाव घेत नाही. दोन शेड, मालक एक, साहेब एक, मधे उंच भिंत. अलीकडच्या शेडमधली टाकी सोडली की तेजाबाचं पाणी सुटायचं. पलीकडच्या शेडमधल्या टाकीतून काय सुटायचं ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. हिरवट काळं पाणी यायचं, त्याला नासक्या अंड्याचा वास. ही दोन्ही पाणी भिंतीखालच्या एका चेंबरमध्ये येऊन मिळायची. चेंबर म्हणजे जमिनीखालची विटांची खोली, दोन पुरुष खोल, वर लोखंडी झाकण. त्यात रोज गाळ साचायचा आणि रोज काढावा लागायचा. अण्णा आणि त्यांच्याबरोबर कामाला असलेले किसनकाका आळीपाळीनं कमरेला दोर बांधून खाली उतरायचे.

भिंतीपलीकडं जायची त्यांना बंदी होती. पाणीसुद्धा गेटबाहेरच्या नळावर.

त्या चेंबरमध्ये माणसं पडायची. रोज नाही. रोज नुसते डोळे चुरचुरायचे. मधेच एखादा दिवस असा यायचा, की खाली उतरलेला माणूस ओकायचा, नाहीतर उभ्या उभ्या खाली बसायचा. किसनकाका सांगायचे, "वास येतोय तवर भ्या न्हाई. वास यायचा थांबला की पळायचं." पण वास थांबल्यावर पळायला पाय राहायचे कुठं? मुकादम म्हणायचा चेंबरला बाधा आहे. झाकणावर लिंबू कापून ठेवायचा. अण्णा म्हणायचे, "आपण बुद्धाची माणसं, लिंबाला काय घाबरायचं." पण खाली उतरताना त्या लिंबावर पाय पडू द्यायचे नाहीत. मी डबा घेऊन जायची तेव्हा बघितलंय.

आईला लिहिता येत नव्हतं. पण अण्णा नाहीतर किसनकाका कामावरनं तसे होऊन आले, की ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला काजळाचा टिपका लावायची. कॅलेंडर शेठाणीनं दिलेलं. टिपका कशाला लावते म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "ध्यानात ऱ्हावं म्हणून. उद्या कुणी म्हणाय नको, असं काय झालंच न्हाई."

तिला आणखी एक खूण सापडली होती. अण्णांच्या बोटात चांदीची अंगठी होती, आईच्या माहेरची. त्या दिवशी ती काळी ठिक्कर पडलेली असायची. आई चिंच लावून ती घासत बसायची.

चार टिपके झाले. पहिला रविवारचा, अण्णा ओकत आले तो. दुसरा मंगळवारचा, किसनकाकांना दोरानं ओढून काढलं तो. तिसरा गुरुवारचा, अण्णांना उजेड बघवेना. आणि चौथा पुन्हा रविवारचा. त्या दिवशी अण्णांना हातगाडीवर घालून आणलं. तोंडाला फेस होता. वस्तीतल्या बाया आमच्या दारात रडायलाच जमल्या होत्या. अण्णा वाचले. आठवडाभर पडून राहिले.

त्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसायची. समोर कॅलेंडर. बसल्या बसल्या मी टिपक्यांमधले दिवस मोजले. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत तेवीस. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत तेवीस. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत चोवीस.

बाधा असं मोजून येत नाही.

शाळेत आमचा लसावि चालू होता. गणिताच्या बाई शिकवायच्या चांगलं. हे कबूल करायला मला आवडत नाही, पण खरं आहे. मला त्यांनी शेवटच्या बाकावर खिडकीशी बसवलं होतं. "खिडकी उघडी राहू दे ग, वर्गाला त्रास नको." असं म्हणायच्या आणि लगेच फळ्याकडं वळून इतकं छान समजावायच्या, की मी अपमान विसरून लिहीत बसायची. त्या सांगायच्या, संख्येच्या पोटात कोण कोण दडलंय ते तिचे विभाजक सांगतात. बाराच्या पोटात दोन आहे, तीन आहे, चार आहे, सहा आहे. काही संख्यांच्या पोटात मात्र कुणीच नसतं. त्या मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बस.

तेवीस तसलीच निघाली. दोननं जाईना, तीननं जाईना, पाचनं नाही, सातनं नाही. शेजारच्या चोवीसला विभाजकच विभाजक. आता ही दोन काय म्हणून एका माळेत आली असतील? मी वहीचं पान भरून टाकलं. काही जुळेना. आणि दिवस चालले होते. मला आतून कळत होतं, की पाचवा टिपका कुठंतरी ठरलेला आहे आणि तो आपली वाट बघतोय.

मग शुक्रवार आला. आमच्याकडं शुक्रवारी लाइट नसायची. सगळी एमआयडीसी शुक्रवारी बंद. मुंबईचा रविवार तसा आमचा शुक्रवार. भोंगा नाही, धूर नाही, नाल्याचं पाणीसुद्धा पातळ. मी दारात बसले होते आणि एकदम डोक्यात आलं. टाकीलापण सुट्टी असते. टाकी शुक्रवार मोजत नाही.

धावत आत गेले. कॅलेंडरवरचे सगळे शुक्रवार पेन्सिलीनं खोडले. पहिल्या तेवीस दिवसांत तीन शुक्रवार. उरले वीस. पुढच्या तेवीसांत तीन. वीस. चोवीसांत चार शुक्रवार. वीस.

वीस, वीस, वीस.

आता पोटात हात घालता येत होता. एक, दोन, चार, पाच, दहा, वीस. मी अण्णांना हलवून उठवलं. "अण्णा, तेजाबाची टाकी कधी सोडतात?"

"दर चौथ्या दिशी. का गं?"

"आणि भिंतीपलीकडची?"

"ती कुणाला ठावं? तिकडं कुठं जातो आपण."

एक टाकी चारच्या पाढ्यावर चालते. दुसरी दुसऱ्या कुठल्यातरी पाढ्यावर. दोन्ही पाढ्यांत एकच संख्या आली की त्या दिवशी दोन्ही पाणी एकदम चेंबरमध्ये. दोन्हींची गाठ पडते विसाव्या दिवशी. मग दुसरी टाकी दोनाची नसणार, नाहीतर दर चौथ्या दिवशी गाठ पडली असती. तिनाची नसणार, मग बाराव्या दिवशी पडली असती. पाचाची, दहाची नाहीतर विसाची. तीनच उरत होत्या. त्यातली कुठली ते मला ठरवता आलं नाही. पण त्यानं काही अडत नव्हतं. गाठ विसालाच पडणार होती.

चौथ्या टिपक्यापासून शुक्रवार सोडून वीस दिवस मोजले. मंगळवार आला.

मी वही बाईंना दाखवली. त्यांनी दोनदा तपासली. चष्मा काढला. "गणित बरोबर आहे," म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग त्या म्हणाल्या, "पण हे कुणाला दाखवत बसू नकोस. तुमच्या लोकांना पुढं पुढं करायची फार सवय."

अण्णा म्हणाले, "साहेबाला दाखीव. शिकलेला माणूस हाय. त्याला कळंल." त्यांचा शिकलेल्या माणसावर फार विश्वास होता. मला शाळेत घातलं ते त्या विश्वासावरच.

म्हणून मी त्या दारात उभी होते. आठवडा पडून राहून अण्णा पुन्हा कामावर जायला लागले होते. मी दारातूनच सगळं सांगितलं. टिपके, शुक्रवार, वीस, तेजाबाची टाकी दर चौथ्या दिवशी. एकही आकडा चुकला नाही. शेवटी म्हटलं, "साहेब, त्या मंगळवारी कुणाला खाली उतरवू नका."

साहेबानं फूटपट्टीनं पान दाबून धरलं, वाचलं, आणि हसला.

"चुकलंय सगळं. चार दाहे चाळीस. चाळीस दिवसांनी एकदा येतं ते. त्या रविवारी होऊन गेलं. आता काही होत नाही, सांग बापाला."

मला जरा वेळ लागला. चार मी म्हटलं होतं. दहा मी म्हटलंच नव्हतं.

दहा त्याचा होता. पलीकडची टाकी दर दहाव्या दिवशी सुटते हे त्याला ठाऊक होतं. दोन्ही पाणी एकत्र आलं की खाली काय होतं हेही ठाऊक होतं. त्यानं बसून मोजलं होतं. माझ्याआधी मोजलं होतं. किसनकाका बेशुद्ध पडले तो मंगळवार आणि अण्णा हातगाडीवर आले तो रविवार, मधे बरोबर चाळीस दिवस कामाचे. त्या दोन्ही दिवशी साहेबाची स्कूटर शेडखाली नव्हती. वॉचमन तेव्हाच म्हणाला होता, "साहब का नसीब देखो, आजच आले नाहीत."

म्हणजे त्यानं मोजलं ते स्वतःसाठी. आणि तेही चुकीचं.

माझ्या तोंडातून निघालं. "साहेब, चाळीस नाही, वीस. चारमध्ये दोन आहे, दहामध्येपण दोन आहे. तो दोन दोनदा धरायचा नसतो."

त्याचं हसणं गेलं. शिपायाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सरकार फुकट वह्या देतं म्हणून आता आमचे हिशोब तपासणार तुम्ही? तुझा बाप पिऊन पडतो. निघ." फूटपट्टीनं त्यानं वही टेबलावरनं लोटली. ती फरशीवर उताणी पडली. मी वाकून उचलली. पायरी उतरेपर्यंत मागून ऐकू आलं, "तिथं जरा फिनेल मार रे."

अण्णा आयुष्यात दारूला शिवले नव्हते.

घरी येऊन मी सांगितलं, साहेबाला माहीत होतं. अण्णा म्हणाले, "न्हाई. तुला नीट कळलं नसंल." मी पुन्हा सांगितलं. त्यांचं जेवण ताटात तसंच राहिलं. आई एवढंच म्हणाली, "मंगळवारी अंगठी काढून ठिवा."

बारा दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. दर चौथ्या दिवशी तेजाब सुटलं की मी रेघ मारायची. माझा अंदाज चुकावा असं मला सारखं वाटायचं. चुकला तर साहेब हसेल, बाई हसतील, पण अण्णा राहतील. देवबीव आम्ही मानत नाही. मग मी गणितालाच म्हणायची, चूक रे बाबा एकदा.

मंगळवारी आई पापडाला गेली नाही, मी शाळेत गेले नाही. आई सरळ गेटातून आत गेली, चेंबरच्या झाकणावर पदर खोचून बसली. मुकादम आला. "उठो बाई, टाइम खोटी मत करो."

"आज न्हाई," आई म्हणाली.

"आज क्या है?"

"आज माझा दादला खाली जाणार न्हाई. किसनभाऊपन जाणार न्हाई. उद्या जातील. आज न्हाई."

अण्णा बाजूला उभे. मान खाली. मला वाटलं आता ते आईला उठवणार. त्यांनी कमरेचा दोर सोडला, नीट गुंडाळला आणि मुकादमाच्या पायाशी ठेवला. "पोरगीचं गणित बरोबर हाय," म्हणाले. एवढंच. माझ्या आयुष्यात मला त्याहून मोठं बक्षीस मिळालं नाही.

वॉचमननं आईला दंडाला धरून उठवलं आणि आम्हाला चौघांना गेटबाहेर काढलं. मुकादम टेम्पो घेऊन गेला. आम्हाला वाटलं, झालं, जिंकलो. तासाभरानं टेम्पो परत आला. विठ्ठलवाडी डेपोजवळच्या मजुरांच्या नाक्यावरनं त्यानं एक माणूस आणला होता. बारीक, अनवाणी, हातात निळ्या फडक्यात बांधलेली भाकरी. त्यानं गेटातून आत जाताना आमच्याकडं बघितलं. मी त्याच्यापासून चार पावलांवर होते. वही हातात होती.

मी काही बोलले नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण मी अण्णांकडं बघितलं, ते गेटबाहेर होते, धड होते, आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की दुसऱ्या कुणासाठी तोंड उघडायचं राहून गेलं. मी माझ्या बापापुरतं मोजलं होतं. साहेबानं स्वतःपुरतं मोजलं तसंच.

गेटाच्या जाळीतून दिसत होतं. त्यानं भाकरी लिंबाशेजारी ठेवली, दोर बांधला, उतरला. थोड्या वेळानं नासक्या अंड्याचा वास आला. गेटापर्यंत आला. किसनकाका जाळीला धरून ओरडले, "वढा! वढा त्याला वर!" मुकादम चेंबरपासून लांब पळाला. साहेब ऑफिसातून बाहेर आला. त्याच्या हिशोबानं आज काहीच व्हायचं नव्हतं, म्हणून स्कूटर शेडखाली होती. तोंडाला रुमाल लावून तो तिच्याकडं धावला. आम्हाला बघितलं. मला बघितलं. मग किक मारत राहिला.

दोर ओढला तेव्हा माणूस वर आला, पण आला तो तसाच. गळ्यात चांदीचा ताईत होता, काळा पडलेला. कुणीतरी वर पोतं टाकलं. निळ्या फडक्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

कागदोपत्री पाय घसरून पडला असं लिहिलं म्हणे. त्याचं नाव मुकादमालापण माहीत नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी शिपाई आमच्या दारात आला. तोच, दोन बोटांवाला. बाहेरच उभा राहिला. "साहेबांनी ती वही मागवलीय. त्या बदल्यात नव्या देतील. डझनभर देतील. अण्णांना आत पर्मनंट करू म्हणालेत."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. पर्मनंट म्हणजे काय ते मला कळत होतं. पर्मनंट म्हणजे दवाखाना, पर्मनंट म्हणजे माझी दहावी.

"नाही देणार," मी म्हटलं.

"पोरी, शहाणी हो."

"साहेबाला सांगा, स्वतः या. आणि हातानं घ्या. तरी नाही देणार."

दुसऱ्या दिवसापासून अण्णांना आणि किसनकाकांना गेट बंद झालं. त्याच दिवशी मी चुलीतला कोळसा घेऊन कारखान्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लिहिलं, 'गुरुवारी चेंबरमध्ये उतरू नका'. खाली तारीख, शुक्रवार सोडून पुढच्या विसाव्या दिवसाची. त्याखाली, त्यापुढच्या विसाव्या दिवसाचा रविवार. त्याखाली, त्याच्याही पुढच्या विसाव्या दिवसाचा मंगळवार. वॉचमननं पुसलं. मी परत लिहिलं. त्यानं चुना फासला. चुन्यावर कोळसा जास्त उठून दिसतो.

पण नाक्यावरच्या माणसांना वाचता येत नाही, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं. म्हणून तीन आठवड्यांनी आलेल्या त्या गुरुवारी सकाळी मी आईला घेऊन विठ्ठलवाडीला गेले. नाक्यावर चाळीस-पन्नास माणसं उकिडवी बसलेली. मी दुकानाच्या पायरीवर चढले आणि वही उघडली. पहिली ओळ हळू वाचली. आई खालून म्हणाली, "मोठ्यानं."

मी मोठ्यानं वाचलं. टिपके वाचले, शुक्रवार वाचले, चार वाचले, दहा वाचले. पाचवा टिपका वाचताना थांबले, कारण तिथं नाव लिहायला जागा सोडली होती. मग तेही सांगितलं, की ह्या माणसाला मी सांगितलं नव्हतं. मुकादमाचा टेम्पो आला तेव्हा एकही माणूस उठला नाही.

ती जागा अजून कोरी आहे. वही माझ्याकडं आहे. नंतर ती पुष्कळांनी मागितली, चांगल्या शब्दांत मागितली, धमकी देऊन मागितली. एकानं तर माझ्यासमोर हात जोडले. विसाच्या पटी संपत नाहीत, आणि जिथं माणसं खाली उतरतात तिथं मी जाऊन मोजते. सगळ्यांसाठी मोजते, आणि गेटावर उभी राहून वाचते. वही मिळणार नाही.